‘नाते’ या रकान्यात काय लिहायचे?

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांसाठीच्या पानांवर येणारे सल्ले बहुतेक एकाच घरात बसून लिहिल्यासारखे वाटतात. त्या घरात आजी-आजोबा असतात, मुलगा परदेशात असतो आणि सून रविवारी व्हिडिओ कॉल करते. म्हणून ‘पत्नीला नॉमिनी करा’, ‘मुलांशी मोकळेपणी बोला’, ‘डॉक्टरांकडे घरच्या माणसाला बरोबर न्या’. ज्यांना लग्न करता आले नाही, किंवा घरच्यांनी लावून दिले पण जीव दुसरीकडेच होता, त्या समलिंगी स्त्री-पुरुषांनी आणि तृतीयपंथी ज्येष्ठांनी या सल्ल्यांचे काय करायचे? आज सत्तरीत असलेला समलिंगी पुरुष ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून त्याची सुटका झाली तेव्हा, साठी ओलांडून गेला होता. उमेदीची सगळी वर्षे लपण्यात गेली, आणि ती सवय म्हातारपणी रुग्णालयाच्या काउंटरवर आडवी येते.

काउंटरवरच्या फॉर्ममध्ये ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना असतो. तीस वर्षे एकत्र राहिलेला जोडीदार तिथे काय लिहितो? ‘मावसभाऊ’, किंवा ‘चुलत बहीण’. सोसायटीतही तेच सांगितलेले असते. त्या क्षणी काम भागते, पण हा रकाना पुढे महागात पडतो. रुग्ण गेल्यावर खरा पुतण्या येतो, रुग्णालयाच्या कागदांची प्रत काढतो आणि विचारतो, हा कुठला मावसभाऊ? खोटे नाते लिहिणारा माणूस इच्छापत्रातही खोटेपणा करू शकतो, असा युक्तिवाद करायला त्याच्या वकिलाला आयता कागद मिळतो. म्हणून पहिली सूचना अगदी साधी. तिथे ‘मित्र’, ‘मैत्रीण’, ‘सोबत राहणारी व्यक्ती’ किंवा ‘रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी’ असे लिहावे. त्यात खोटे काही नाही आणि उघड करायचे नसेल तेही उघड होत नाही.

‘रक्ताच्या नातेवाइकाची सही लागेल’ हे वाक्य रुग्णालयात सर्रास ऐकू येते. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या उपचाराला संमती त्याची स्वतःचीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना आईने दिलेली संमतीसुद्धा ग्राह्य धरली गेली नाही. जीव धोक्यात असेल तर डॉक्टर कोणाच्याही सहीविना उपचार करू शकतात. तेव्हा काउंटरवर मागतात ती सही बहुतेक वेळा बिलाची हमी असते. हे कळले की बोलणे सोपे होते: ‘बिलाची हमी मी देतो, संमती त्यांनीच दिली आहे.’

खरी अडचण रुग्ण बेशुद्ध पडला किंवा त्याची स्मृती गेली की सुरू होते. यासाठी पुष्कळ जण कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात आणि निर्धास्त होतात. इथेच फसगत होते. आपल्याकडच्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्यारपत्रही संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले, नेमका त्याच दिवशी तो कागद निकामी होतो. बँकेची कामे, वीजबिल, भाडेकरार यांसाठी तो जरूर असावा. अतिदक्षता विभागासाठी त्यावर विसंबू नये.

क्षमता गेल्यावर उपयोगी पडतील असे दोन वेगळे कागद आहेत. पहिला, मानसिक आजारावरच्या उपचारांपुरता, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ खालचा. कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. सज्ञान, सक्षम आणि लेखी तयारी देणारा असला की झाले. या कायद्यातल्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकारही येतात, त्यामुळे स्मृतिभ्रंशातही हा कागद चालतो. प्रतिनिधी नेमलेला नसेल तर कायदा नातेवाइकांकडे वळतो, आणि ज्या भावाने चाळीस वर्षे तोंड पाहिले नाही तोही नातेवाईकच असतो.

दुसरा कागद वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या इच्छामरणाबाबतच्या २०१८ च्या निकालातली त्याची पद्धत इतकी किचकट होती की ती कोणी वापरत नव्हते. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सोपी केली. दोन साक्षीदार, शक्यतो हितसंबंध नसलेले, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन, एवढे पुरते. बरे होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे त्यात लिहायचे, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक व्यक्तींची नावे घालायची. न्यायालयाचे शब्द ‘पालक (गार्डियन) किंवा जवळचा नातेवाईक’ असे आहेत, म्हणून जोडीदाराचा उल्लेख स्पष्टपणे ‘पालक’ म्हणून करावा. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक जोडीदाराकडे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही.

आता पैसा आणि घर. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही, त्यामुळे इच्छापत्र नसेल तर जोडीदाराच्या हाती काही येत नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार अविवाहित पुरुषाची मालमत्ता आधी आई, मग वडील, भावंडे, पुतणे-भाचे या क्रमाने जाते; अविवाहित स्त्रीची आईवडिलांकडे आणि त्यानंतर वडिलांच्या वारसांकडे. निकालानंतर केंद्राने समिती नेमली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये काही पत्रके निघाली: समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही; शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातले मानावे; जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे. शेवटच्या पत्रकातली अट वाचली ना? नातेवाईक हजर असतील तर तोंडी रदबदलीखेरीज हातात काही नाही. बँकेच्या शाखेत मात्र संयुक्त खात्याच्या पत्रकाची छापील प्रत घेऊन जावे, कारण काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ते पाहिलेले असेलच असे नाही. खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला) पद्धतीचे घ्यावे. मुदत ठेवीच्या पावतीवरही तेच लिहिले आहे ना, हे वेगळे तपासावे. बचत खात्याची सूचना ठेवीला आपोआप लागू होत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे शंभरदा सांगितले तरी कमीच. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारस किंवा इच्छापत्रातला लाभार्थी असतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच कायम केले. सहकारी गृहनिर्माण संस्थेत नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, त्यापुढे वारसाहक्क पाहावा लागतो. म्हणून नॉमिनी आणि इच्छापत्र दोन्ही हवेत, आणि दोन्हींत नाव एकच हवे. भविष्य निर्वाह निधीत मात्र नियम उलटा आहे: सभासदाला कायद्याच्या व्याख्येतले कुटुंब असेल तर बाहेरच्या व्यक्तीचे नामांकन टिकत नाही. घरच्यांच्या दबावाने लग्न केलेल्या पुरुषांनी हे लक्षात ठेवावे. पत्नीची फसवणूक होईल असा कोणताही मार्ग आम्ही सुचवणार नाही. तीही याच व्यवस्थेत अडकलेली असते.

इच्छापत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण नातेवाईक विरोधात जातील अशी शक्यता असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच. साक्षीदार दोन हवेत, आपल्यापेक्षा वयाने लहान हवेत आणि लाभार्थी नकोत. सही करण्याच्या दिवशीच डॉक्टरांकडून ‘भान व समज शाबूत’ असा दाखला घ्यावा. भावंडांना काही द्यायचे नसेल तर एका वाक्यात कारण लिहावे. नुसते नाव गाळले तर ‘विसरले असतील’ असे म्हणायला जागा राहते. वडिलोपार्जित मालमत्तेतला आपला हिस्साही इच्छापत्राने देता येतो.

हयातीतच फ्लॅट जोडीदाराच्या नावे बक्षीसपत्राने करावा का? महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिले तर मुद्रांक २०० रुपये; जोडीदाराला दिले तर विक्रीखताइतके शुल्क. शिवाय नातेवाईक नसलेल्याकडून ५० हजार रुपयांवरची भेट आयकराला पात्र असते. इच्छापत्राने मिळालेली मालमत्ता तशी नसते. तेव्हा घाई करू नये. आणि ‘पुतण्या बघेल म्हातारपणी’ म्हणून त्याला घर लिहून देणाऱ्या एकट्या ज्येष्ठांनी सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच घालावी. ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली घर परत मागायचे तर त्या अटीवरच सगळे उभे असते.

मुंबईतल्या पागडीच्या खोलीचे दुखणे वेगळे. भाडेकरू वारला की भाडेहक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या ‘कुटुंबातील’ व्यक्तीकडे आणि ती नसेल तर वारसाकडे जातो. जोडीदार दोहोंत बसत नाही आणि हा हक्क इच्छापत्राने देता येत नाही. त्यामुळे दोघांतला एक गेला की दुसऱ्यावर सत्तराव्या वर्षी खोली सोडायची वेळ येते. उपाय एकच: हयातीत घरमालकाच्या संमतीने भाडेपावतीवर दुसरे नाव चढवणे. घरमालक त्याचे पैसे मागेल. ते द्यावेत.

आरोग्याकडे वळू. डॉक्टर वयस्क माणसाला लैंगिक आयुष्याबद्दल विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. या मौनाचे वैद्यकीय परिणाम अगदी ठोस असतात. छातीत दुखते म्हणून आलेल्या गृहस्थाला जिभेखाली सॉर्बिट्रेट हे नायट्रेट गटातले औषध देतात. त्याने आदल्या रात्री सिल्डेनाफिल (व्हायग्रासारखी लैंगिक ताठरतेची गोळी) घेतले असेल तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि त्याच प्रकारच्या टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळायचे असते. भोवती भाऊ-वहिनी उभे असताना तो हे सांगणार नाही. त्यांना बाहेर पाठवून विचारायला अर्धा मिनिट लागतो. ‘पॉपर्स’ म्हणून हुंगतात तेही नायट्राइटच; या गोळीबरोबर तेही तितकेच घातक.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांची एक पिढी आता साठीत आली आहे. सरकारी केंद्रांतून मोफत औषधे एप्रिल २००४ पासून मिळू लागली. ती घेत जे तगले, त्यांना आता मधुमेह, रक्तदाब आणि हाडे यांच्याशी सामना आहे. सध्या बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर यांची एकत्र गोळी मिळते. तीन गोष्टी चुकतात. एक, डोलुटेग्राविरमुळे मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाची रक्तातली पातळी वाढते, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचे. मधुमेहाच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवला तर त्यांना हे कळणार कसे? दोन, कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची पातळ औषधे डोलुटेग्राविरला आतड्यातच अडवतात. ही गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. कॅल्शियम वा लोह पोटभर जेवणासोबत एकदम घेतले तर मात्र चालते. तीन, डोलुटेग्राविरने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडे वाढलेले दिसते, त्यात मूत्रपिंडाला इजा नसते. पण टेनोफोविरने खरी इजा होऊ शकते. म्हणून आकडा सतत चढत असेल तर लघवीतील प्रथिनेही तपासायला हवीत. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झाले तर डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा लागते.

शौचाला रक्त म्हणजे मूळव्याध, असे ठरवून वर्षानुवर्षे मलम लावत बसणे हा आणखी एक घोटाळा. एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांत गुदद्वाराच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी एका मिनिटाची असते. ती न करता मलम लिहून देऊ नये.

समलिंगी स्त्रियांबद्दल वैद्यकीय चर्चा जवळजवळ नाहीच. ‘लग्न झालेलं नाही ना, मग आतून तपासणी नको’ हे वाक्य स्त्रीरोगतज्ज्ञांकडे अजून ऐकू येते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू स्त्रीकडून स्त्रीकडेही जातो, त्यामुळे गर्भाशयमुखाची चाचणी त्यांनाही लागू आहे. आतली तपासणी नको वाटत असेल तर स्वतः नमुना घेऊन करायची एचपीव्ही चाचणी मागता येते. गर्भारपण आणि स्तनपान न झाल्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून मॅमोग्राफी चुकवू नये.

तृतीयपंथी ज्येष्ठांचे प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षित आहेत. निर्वाण (लिंग व वृषण काढून टाकणे) झाल्यावर शरीरातला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा मुख्य स्रोत संपतो. बाहेरून इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरकही घेतले नाही तर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात आणि पन्नाशीतच खुबा किंवा मणका मोडू शकतो. ज्यांचे निर्वाण फार पूर्वी झाले त्यांनी एकदा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्यावा आणि ड जीवनसत्त्व तपासावे. जुन्या पद्धतीच्या निर्वाणानंतर लघवीचे तोंड आकसू शकते. मग धार बारीक होते, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि दर वेळी नुसती प्रतिजैविके दिली जातात. खरे तर मूत्ररोगतज्ज्ञाने मार्ग रुंद करायला हवा असतो. प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेनंतरही आतच असते, हे अनेक डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा मुळातच खाली असतो, म्हणून नेहमीची ४ ची मर्यादा त्यांना लावता येत नाही. १ च्या वर गेला तरी पाहावे.

इस्ट्रोजेन मिळावे म्हणून मेडिकलच्या दुकानातून माला-डी या गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला चार-पाच घेणे बंद व्हायला हवे. त्यातले इथिनाइल इस्ट्राडिओल रक्ताच्या गुठळ्या करते; वय, तंबाखू आणि मिश्री यांची भर पडली की अर्धांगवायूचा धोका आणखी वाढतो. त्याऐवजी त्वचेवाटे जाणारे इस्ट्राडिओल, जेल किंवा पट्टी, अंतःस्रावतज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यावे. पुरुषी संप्रेरक दाबायला स्पायरोनोलॅक्टोन घेत असताना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन सुरू झाले तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एक-दोन आठवड्यांत रक्त तपासावे. पारलिंगी पुरुष (जन्मतः स्त्री म्हणून नोंदलेले, पण पुरुष म्हणून जगणारे) टेस्टोस्टेरॉन घेत असतील तर हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये.

सरकारी मदतीचे थोडक्यात. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पती-पत्नींत ही रक्कम वाटून असते. समलिंगी जोडप्यात मात्र दोघांना वेगवेगळी. कायद्याने कुटुंब न मानल्याचा एवढाच काय तो फायदा! तृतीयपंथीयांची अडचण अशी की घर सोडून आलेल्यांचा जन्मदाखला नसतो. आधारवर कोणीतरी अंदाजे १ जानेवारी आणि हवे ते साल टाकलेले असते, आणि त्या सालाप्रमाणे माणूस सत्तरचा कधी होतच नाही. संजय गांधी निराधार योजनेत तृतीयपंथीयांचा समावेश आहे, महिना १५०० रुपये. पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा आणि उत्पन्नाचा दाखला मागतात. डेऱ्यात (तृतीयपंथीयांच्या सामूहिक घरात) राहणाऱ्याच्या नावे वीजबिल नसते की भाडेकरार. जुनी शिधापत्रिका, मतदार यादीतली नोंद, रुग्णालयाचे केसपेपर, जे असेल ते जपून ठेवावे. एकाकीपणासाठी ‘टेलिमानस’ १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. मुंबईत हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट यांनी या समाजात अनेक वर्षे काम केले आहे.

वृद्धाश्रमांबद्दल एवढेच, की अनेक ठिकाणी पुरुषांची खोली, स्त्रियांची खोली आणि ‘दांपत्य’ खोली अशी विभागणी असते आणि प्रवेशासाठी ‘जबाबदार नातेवाइकाची’ सही मागतात. दोन मैत्रिणींना एक खोली द्यायला बहुधा कोणी हरकत घेत नाही. दोन मित्रांचेही जमते. तृतीयपंथी व्यक्तीला मात्र दारातूनच परत पाठवले जाते. ‘जबाबदार नातेवाईक’ ऐवजी ‘जबाबदार व्यक्ती’ हा शब्द घालायला विश्वस्तांच्या एका बैठकीत ठराव करण्यापलीकडे काही लागत नाही.

आपल्याकडे जागा असेल तर ज्येष्ठांच्या पानावर खालचा मजकूर चौकटीत छापावा, ही विनंती. तो कापून, भरून, डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावता येईल:

‘मी, (पूर्ण नाव, वय, पत्ता), मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १४ अन्वये (नाव, वय, पत्ता, दूरध्वनी) यांना माझे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमतो / नेमते. यापूर्वीची अशी नेमणूक रद्द समजावी. दिनांक. सही किंवा अंगठा. — मला ही नेमणूक मान्य आहे. प्रतिनिधीची सही.’

या मजकुरात नात्याचा रकाना नाही, कारण कायद्याने तो मागितलेला नाही.

आपले,
वृद्धांच्या वैद्यकीय व कायदेशीर कामात असलेले काही वाचक
पुणे-मुंबई